वेल्डामावशीची तक्रार

आमच्या स्पाइसवुड खोऱ्यातल्या उन्हाळी जलशात कुठल्या साली कोण उत्तम वाजवून गेलं, हे समितीच्या लोकांना विचारून उपयोग नाही. आम्ही सगळे गाड्या लावून घेण्यात, पाण्याच्या टाक्या भरल्या की नाही ते बघण्यात आणि एकमेकांवर चिडण्यात गुंतलेले असतो. मंचासमोर बसणाऱ्यांनाही विचारू नये. ते अर्धा वेळ खात असतात आणि उरलेला वेळ ओळखीचं कोणी दिसतंय का ते शोधत असतात. विचारायचं तर वेल्डा स्टिल्टनरला. आणि तिने तर या जलशाचं तिकीट कधी काढलंच नव्हतं. उलट, हा जलसा बंद करा म्हणून दर उन्हाळ्यात शेरीफच्या पोलीस कचेरीत फोन करणारी खोऱ्यातली एकुलती एक बाई तीच.

ती माझ्या आईची चुलत बहीण, म्हणून माझी मावशी. पण तिला सगळं खोरंच मावशी म्हणतं, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तिच्या नवऱ्याचं नाव यूएल. तो कोळशाच्या खाणीत होता; धुळीने त्याची फुप्फुसं गेली आणि पाठोपाठ तोही गेला. मुलगा ओहायोत मोटारींच्या कारखान्यात. रविवारी फोन करतो. मावशी एकटी राहते, ओढ्याच्या अलीकडच्या चढावर, पांढऱ्या लाकडी घरात. घरापुढे रुंद ओसरी. ओसरीसमोर ओढा, आणि ओढ्यापलीकडे म्हाताऱ्या कायझरचं कुरण.

त्या कुरणात जलसा सुरू झाला तेव्हा मी नुकता बियाण्यांच्या दुकानात लागलो होतो. मंच कुरणाच्या खालच्या टोकाला बांधला, कारण तिथे जमीन सपाट होती. तीन बाजूंनी डोंगर. त्या मंचावरचा आवाज समोरच्या लोकांना धड पोचत नसे, पण डोंगराला आपटून तो थेट मावशीच्या ओसरीत जाऊन पडे. हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. मावशीला पहिल्याच संध्याकाळी कळलं.

आता मावशीचे वडील म्हणजे आमच्या जुन्या चर्चचे पाळक. या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. पाळक एक ओळ झरझर म्हणतात आणि मग सगळी मंडळी तीच ओळ लांब ताणून, हेलकावे देत गातात. ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्याला गाणं म्हणायचं नाही, प्रार्थना म्हणायचं. फिडलला, म्हणजे आमच्याकडच्या व्हायोलिनला, मावशीचे वडील सैतानाची पेटी म्हणत. बँजोबद्दल काय म्हणत ते मावशी सांगत नाही. तेव्हा ओढ्यापलीकडून फिडल वाजायला लागल्यावर तिने शेरीफच्या कचेरीत फोन केला, यात कुणालाच नवल वाटलं नाही.

समितीचा अध्यक्ष कॉर्बेट रेमी. ट्रॅक्टर विकतो, विमा विकतो, आणि दोन्ही विकताना एकच हसू वापरतो. त्याने मला बोलावलं.

"हर्शेल, तुझी मावशी आहे. जा आणि समजूत काढ."

बायकोने केलेला वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक आणि दोन फुकट पास त्याने माझ्या हातात दिले. मी ओढा ओलांडून वर गेलो. मावशी ओसरीत शेंगा ओवत बसली होती. आमच्याकडे हिरव्या शेंगा दोऱ्यात ओवून थंडीसाठी वाळवतात. एरवी ती हे काम मागच्या दारी सावलीत करायची. त्या दिवशी पुढच्या ओसरीत होती, आणि खुर्चीचं तोंड कुरणाकडे होतं.

"ये. केक तिथे ठेव. पास परत ने."

"मावशी, काल आवाजाचा त्रास झाला म्हणे."

"त्रास? अरे डोळ्याला डोळा लागला नाही."

"पण आम्ही तर वेळेत बंद केलं."

"म्हणूनच. तो शेवटचा म्हातारा. त्याचा गळा आत्ता कुठे तापला होता, आणि तुम्ही त्याला खाली उतरवलंत. त्याच्या गाण्यातली ती मुलगी नदीपाशी पोचली की नाही ते कळलंच नाही. अशी अर्धवट गोष्ट डोक्यात ठेवून माणूस झोपतं का?"

"मग आज त्याला थोडा जास्त वेळ द्यायला सांगू?"

"मी तसं म्हटलं का? मी तक्रार करतेय. ऐकून घे आणि जा."

मी खाली येऊन कॉर्बेटला सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे बाईला आवाज बंद हवाय की चालू?"

"तिला तक्रार हवीय," मी म्हटलं.

त्या रात्री आम्ही म्हाताऱ्याला वेळ दिला. त्याचं नाव ॲब्सलम, आडनाव गोड. डोंगरापलीकडे मधमाश्या पाळायचा. त्याने ती मुलगी नदीपाशी नेली, बुडवली, तिच्या प्रियकराला फाशी दिली आणि मग खाली उतरला. शेरीफच्या कचेरीत फोन आला नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात हाच शिरस्ता पडला. शुक्रवारी संध्याकाळी मावशीचा फोन. शनिवारी सकाळी केक घेऊन मी. हळूहळू कॉर्बेटच्या ध्यानात आलं की मावशी ज्याच्यावर जास्त तोंड सोडते, त्याला पुढच्या वर्षी बोलवावं. कारण ज्यांच्याबद्दल तिची काही तक्रार नसे ते फारच वाईट असत. एकदा शहरातून एक मोठी पार्टी आली होती. चकचकीत बूट, ढोल, झगमगते दिवे. मी विचारलं, "मावशी, काल त्यांचा त्रास झाला का?" ती म्हणाली, "कुणाचा? मला वाटलं तुमचा जनरेटर बिघडला." आम्ही त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

एका वर्षी मी शनिवारची वाट न बघता शुक्रवारी संध्याकाळीच निघालो. टॉलिव्हर बहिणींचं गाणं चालू होतं. एटा आणि लॉरीन. दोघींचे आवाज इतके जुळायचे की डोळे मिटले तर एकच बाई दोन तोंडांनी गातेय असं वाटे. बाकी कशातच त्यांचं जुळत नसे. त्या संध्याकाळी गाण्याच्या मधेच लॉरीन काहीतरी पुटपुटली, एटाने उलट उत्तर दिलं, आणि लॉरीन माइक सोडून तरातरा मंचावरून उतरून गेली. एटा एकटीच उभी राहिली. मग तिने एकटीने पुढचं कडवं धरलं. मी तेव्हा ओढा ओलांडून, मागे वळून बघत चढ चढत होतो. आणि मला लॉरीनचा सूर ऐकू आला. वरून. ओसरीतून.

मी जागीच थांबलो. मावशी डोळे मिटून गात होती. हातात शेंगांची माळ तशीच. पोकळ जागा दिसल्यावर माणूस हात पुढे करून ती भरून काढतो, तसा तिचा सूर एटाच्या सुराखाली जाऊन बसत होता. एटाला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. कुणालाच शक्य नव्हतं. गाणं संपलं, मावशीने डोळे उघडले, तर पायरीशी मी.

"काय रे मेल्या, चोरासारखा येतोस?"

"मावशी, तू गात होतीस?"

"घसा साफ करत होते."

"दोन कडवी?"

"घसा फार खराब होता. केक आणलायस की नुसताच आलायस?"

मी हे कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिची तक्रार मोठी होती. म्हणाली, बहिणीबहिणींची भांडणं लोकांपुढे मांडू देता, समितीला लाज नाही. म्हणाली, दोघींना एका खोलीत कोंडून घाला आणि समेट झाल्याशिवाय सोडू नका. म्हणाली, असं पुन्हा झालं तर ती वर गव्हर्नरपर्यंत जाईल. तिच्या सगळ्या वर्षांच्या तक्रारींत इतकी पोटतिडीक मी दुसऱ्या कुणासाठी पाहिली नाही. अपवाद फक्त ॲब्सलम गोडच्या शेवटच्या वर्षाचा.

ते वादळाचं वर्ष. पश्चिमेकडून काळंभोर आभाळ आलं, एकदा कडाडलं आणि सगळ्या कुरणाची वीज गेली. माइक बंद, दिवे बंद. लोक उठायला लागले, तेवढ्यात ॲब्सलम मंचाच्या कडेला येऊन बसला, पाय खाली सोडून, आणि तसाच गायला लागला. ना वाद्य, ना माइक. नव्वदीच्या घरातला माणूस. पुढच्या रांगा बसल्या, मग मागच्या बसल्या, मग ज्यांना काहीच ऐकू येत नव्हतं तेही बसले. त्याच वेळी शेरीफच्या कचेरीत फोन वाजला. फोन घ्यायला वुड्रो होता, आणि त्याने तो किस्सा पुढे खोरंभर सांगितला.

"वुड्रो, मी वेल्डा."

"हो मावशी. आवाज होतोय ना? माणूस पाठवतो."

"आवाज होत नाहीये. तीच तर तक्रार आहे. तो म्हातारा तिथे काहीतरी सांगतोय, आणि इथवर अर्धंच पोचतंय. हा कुठला न्याय?"

वुड्रोने वहीत 'आवाज नाही' एवढंच नोंदवलं. मग ती स्वतःच खाली आली. यूएलची जुनी छत्री घेऊन, चिखलातून. ओढ्याच्या काठापर्यंत. मी तिला पाहिलं, कंदील हलवला, पलीकडून हाक मारली, "मावशी, ये ना इकडे, फळी टाकतो." तिने जोरात मान हलवली. पाऊस सुरू झाला तरी ती आपल्या काठावर उभी होती, म्हातारा संपेपर्यंत. ओढा आपण ओलांडला नाही, हे ती पुढे शपथेवर सांगत असे. कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. "ऐकायला जाणं वेगळं, आणि कानावर पडणं वेगळं," म्हणायची. "कानाला काय झाकण असतं?"

अशी बरीच वर्षं छान गेली. मग म्हातारा कायझर वारला आणि कुरण त्याच्या मुलांकडे गेलं. कॉर्बेटचा डोळा डोंगरापलीकडच्या जत्रेच्या मैदानावर होताच. तिथे डांबरी गाडीतळ, छपराचा मंच, नळाच्या पाण्याची शौचालयं. पण जलसा खोऱ्याबाहेर नेतो म्हणाला असता तर लोकांनी त्याला ओढ्यात बुडवला असता. त्याला कारण पाहिजे होतं. ते त्याला शेरीफच्या कचेरीत, मावशीच्या तक्रारींच्या नोंदीत मिळालं.

शाळेच्या सभागृहात बैठक भरली. मावशी दरवर्षीप्रमाणे तक्रार मांडायला आली होती, पहिल्या रांगेत, हॅट घालून. कॉर्बेट उठला. रुमाल काढला.

"मित्रहो, या खोऱ्यात एक विधवा बाई राहते. इतकी वर्षं ती आपल्याला विनवतेय. आणि आपण? आपण फक्त केक पाठवतो." इथे त्याने डोळे पुसले. "एका बाईच्या झोपेपेक्षा फिडल मोठी आहे का? मी म्हणतो, नाही! मला कितीही यातना झाल्या तरी मी हा जलसा इथून हलवणार."

सगळ्यांच्या नजरा मावशीकडे वळल्या. तिने हॅट सारखी केली.

"अगदीच... इतकं काही नाही," ती म्हणाली.

"बघा!" कॉर्बेट ओरडला. "किती सोसलंय, तरी किती मोठं मन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव मंजूर झाला.

त्या रविवारी चर्चमध्ये हायरम मलिन्स पाळकांनी तिला उभं केलं. हायरम म्हणजे उंच, वाळका, गंभीर माणूस. हसला तर गालाला त्रास होत असावा असा. "कुणी तलवारीने लढतं," ते म्हणाले, "आमच्या वेल्डाबहिणीने टेलिफोनने लढाई जिंकली. सैतानाची पेटी या खोऱ्यातून गेली ती हिच्यामुळे." सगळ्या म्हाताऱ्या बायकांनी तिचे हात धरले. मावशीचा चेहरा लालबुंद झाला होता. बायकांना वाटलं ती लाजली.

पुढच्या जुलैत, जलशाच्या त्याच शुक्रवारी, संध्याकाळीच मी तिच्याकडे गेलो. केक माझ्याच बायकोने केलेला. मावशी ओसरीत होती. शेंगा होत्या, दोरा होता, खुर्ची कुरणाकडे होती. कुरणात कायझरच्या मुलांनी गवत कापून गोल गठ्ठे करून ठेवले होते.

"किती शांत आहे नाही?" मी म्हटलं.

"शांत आहे. हेच तर मागत होते मी."

तिने दोऱ्यात आणखी दोन शेंगा ओवल्या.

"हे रातकिडे," ती म्हणाली, "फार बेसूर आहेत. आधी कधी लक्षात आलं नाही."

मग म्हणाली, ओढाही उगाच बडबड करतो. मग म्हणाली, कायझरची मुलं आळशी आहेत, गठ्ठे सरळ रांगेत लावता येत नाहीत. शेवटी शेंगा बाजूला ठेवून ती माझ्याकडे वळली.

"हर्शेल, तिथे पलीकडे, त्या मैदानाजवळ कुणाची घरं असतील का?"

"असतील की."

"मग त्या बिचाऱ्यांचं काय? त्यांना तर तक्रार करायची सवयही नसेल. कुणीतरी जाऊन बघायला हवं."

"कुणी जायला हवं?"

"उद्या सकाळी गाडी घेऊन ये. आणि तोंड बंद ठेव."

दुसऱ्या दिवशी ती चर्चला जायचा निळा झगा आणि हॅट घालून, हातात मोठी पर्स घेऊन गाडीत बसली. दारावर कॉर्बेट उभा होता. तिला पाहून त्याच्या हातातला मक्याच्या लाह्यांचा डबा कलंडला.

"मावशी! तुम्ही? इथे?"

"तपासणीला आलेय. बाजूला हो."

ती आता इथेही फोन करणार या भीतीने त्याने आम्हाला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मावशी पर्स मांडीवर घट्ट धरून, दात उपटून घ्यायला आल्यासारखी बसली. मंचावर ड्वाइट राइफ होता. त्याच्या फिडलवर तिने कित्येक वर्षं जीव तोडून तक्रारी केल्या होत्या. त्याने गज टेकवला, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, आता तिथे काहीतरी उजळेल.

"हर्शेल," ती कुजबुजली, "हा माणूस इतका का हलतो?"

"वाजवताना हलतो तो."

"त्याचे पाय बघ. मी इतकी वर्षं समजत होते की तो नेटका, सडपातळ माणूस असेल. आणि तो श्वास किती घेतोय! म्हशीसारखा. तुला ऐकू येत नाही?"

मला येत होतं. स्पीकरची घरघर येत होती, मागच्या बाईचं पोराला रागावणं येत होतं, तळणाच्या वासाबरोबर तव्याचा आवाजही येत होता. मंचावर छप्पर पत्र्याचं होतं आणि फिडलचा सूर त्यावर आपटून खाली पडत होता, डोंगरावरून घुमून येतच नव्हता. पुढचे लोक आले. मग त्यांच्या पुढचे. मावशीचा चेहरा उतरत चालला. मला एकदम वाईट वाटलं. एवढी वर्षं जे जपलं, त्याच्याजवळ जाऊन पोचावं आणि ते असं निघावं.

"चल," ती उठली. "सगळं उघडं पडलंय इथे. माणसाने इतक्या जवळून काही ऐकू नये."

आम्ही गाडीकडे निघालो. पण गाडीतळाच्या टोकाला ती थांबली. कुंपणापलीकडे एक चढ होता आणि चढावर एक घर. सगळ्या खिडक्या बंद, दारावर गोधडी टांगलेली. ओसरीत एक टकला, लाल चेहऱ्याचा माणूस कानात कापूस घालून मैदानाकडे डोळे वटारून बसला होता. मावशीची पाठ ताठ झाली. तिने कुंपणाचं फाटक ढकललं आणि सरळ वर गेली. मी मागे.

"काय पाहिजे?" तो माणूस खेकसला. नाव ड्यूई ब्लेव्हिन्स. जन्मभर ट्रक चालवून आता शांतपणे राहायला इथे घर घेतलं होतं.

"त्रास होतोय का?" मावशीने विचारलं.

"काय?" त्याने एका कानातला कापूस काढला.

"म्हटलं, त्रास होतोय का? या आवाजाचा."

"त्रास? अहो बाई, माझा कुत्रा कालपासून पलंगाखालून बाहेर आला नाहीये!"

"मग तक्रार केलीत का?"

"केली म्हणजे! सकाळी केली, दुपारी केली, आता परत करणार. वकील बघतोय मी."

मावशीने त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली, मैदानाकडे वळवली आणि बसली.

"ऐका माझं. असं करायचं नसतं. तक्रार वर्षातून एकदाच करायची. दोनदा केली की ते लक्ष देतात. आणि एकदा का लक्ष दिलं, की संपलं सगळं. माझ्याकडे बघा."

ड्यूईने तिच्याकडे बघितलं. त्याला काही कळलं असेल असं वाटत नाही, पण जन्मभर एकट्याने ट्रक चालवलेल्या माणसाकडे हॅट घातलेली बाई येऊन इतक्या अधिकाराने बसते, हे बहुधा पहिल्यांदाच घडत असावं. तो उठून आत गेला आणि बर्फ घातलेला गोड चहा घेऊन आला. खाली ड्वाइट पुन्हा मंचावर आला होता. इथून त्याचे पाय दिसत नव्हते. सूर गाडीतळावरून तरंगत, गवतावरून चढत, थोडा विरून, थोडा निवळून वर येत होता.

"इथे बरं पोचतंय," मावशी म्हणाली. मग दचकून माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे त्रास इथे जास्त होतो."

पुढच्या वर्षी ती जलशाच्या तिन्ही दिवशी त्या ओसरीत गेली. सोबत मक्याचा पाव आणि शेंगांची टोपली. त्याच्या पुढच्या वर्षीही. खोऱ्यात बोलणं सुरू झालं. सत्तरी ओलांडलेली बाई, परक्या पुरुषाच्या ओसरीत, दिवस दिवस! शेवटी हायरम पाळक स्वतः चौकशीला आले. मीच त्यांना घेऊन गेलो. तोंडाला कुलूप लावून.

"वेल्डाबहीण," ते पायरीवर उभे राहून म्हणाले, "लोक नाही नाही ते बोलतायत."

"मी एका त्रासलेल्या माणसाला आधार द्यायला येते, हायरमभाऊ. बसा म्हणजे कळेल किती त्रास आहे."

पाळक बसले. टोपी गुडघ्यावर. खाली कुणीतरी बँजोवर एक जुनी, संथ चाल लावली होती. पाळकांनी कान टवकारले. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"ही आपली चाल आहे," ते म्हणाले. "माझे आजोबा म्हणायचे ही, दफनाच्या वेळी. यांनी चोरलीय."

"मग तक्रार करा," मावशी म्हणाली.

"पुरती ऐकल्याशिवाय कशी करणार?"

चाल संपली. दुसरी सुरू झाली. तीही आपलीच असावी असा त्यांना संशय आला. तिसरीबद्दल खात्री नव्हती, म्हणून तीही ऐकावी लागली. संध्याकाळी मी त्यांना घरी सोडलं तेव्हा ते म्हणाले की प्रकरण गंभीर आहे, आणि चर्चच्या आणखी काही जबाबदार मंडळींनी येऊन पाहिलं पाहिजे.

आता दरवर्षी चर्चची गाडी भरून येते. ओसरीत जागा पुरत नाही, म्हणून मी खुर्च्या उताराच्या गवतावर मांडतो. म्हाताऱ्या बायका विणकाम आणतात, पुरुष मान हलवून नापसंती दाखवतात. तालात हलवतात, पण नापसंतीच असते. एटा टॉलिव्हर गायला आली की सगळे जास्तच कडक चेहरा करतात. कॉर्बेट खालून तो भरलेला उतार बघतो आणि हळहळतो की तिथे तिकीट लावता येत नाही.

ड्यूईने गेल्या वर्षी मावशीला लग्नाचं विचारलं. माझ्यासमोरच. टक्कल पुसत, पायरीवर उभा राहून.

"शक्य नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही बिघडलात."

आणि ते खरंच होतं. इतकी वर्षं मावशीशेजारी बसून, कोण लांबवतो, कोण घाई करतो, कुणाचा गळा कधी तापतो, हे ऐकता ऐकता त्या माणसाच्या कानातला कापूस कधी गेला ते त्यालाच कळलं नाही. यंदा तर त्याने तिकीट काढलं. स्वतःच्या ओसरीत चर्चची मंडळी बसवून तो खाली गेला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

"उघड उघड तिकीट काढून ऐकणारा माणूस," मावशी मला म्हणाली. "माझे वडील असते तर असल्याला दारात उभं केलं नसतं."

खाली ड्यूई उभा राहून टाळ्या वाजवत होता. मग तो मागे वळला आणि आमच्या चढाकडे बघून जोरजोरात दोन्ही हात हलवायला लागला. पाळकांनी नजर वळवली. मावशीने हात हलवला नाही. उन्हासाठी कपाळावर आडवा हात धरून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"हर्शेल," ती म्हणाली, "आत खुंटीला त्याची टोपी आहे. नेऊन दे जा. ऊन लागेल त्या मूर्खाला."